सात रस्त्याजवळच्या क्लासची जागतिक इतिहासाची वीकेंड बॅच: शिकवणं एक नंबर, टेस्ट पेपर मात्र बदला

स्पर्धा परीक्षा म्हटलं की पुणे गाठा असं आपल्या सोलापुरात सगळेच सांगतात, पण या बॅचबद्दल लिहायलाच पाहिजे कारण गृहयुद्ध आणि परकीय ताब्याविरुद्धचं बंड यातला फरक सरांनी जसा शिकवला तसा मला कुठल्याच गाईडमध्ये मिळाला नाही. गाईडमध्ये काय असतं, आपसात लढले की गृहयुद्ध, बाहेरच्यांशी लढले की स्वातंत्र्यलढा, झालं.

सर म्हणाले दोन प्रश्न विचारा. खरी सत्ता कुणाच्या हातात आहे? आणि बाहेरचं सैन्य उद्या निघून गेलं तर लढाई थांबेल का? मग अल्जीरिया आणि अफगाणिस्तान एकापाठोपाठ घेतले, आणि इथे मला लई भारी वाटलं. अल्जीरियात १९५४ ला लढा पेटला तर फ्रान्सचं म्हणणं हा आमचाच भाग आहे, म्हणजे हे युद्धच नाही, आणि त्याला अधिकृतपणे युद्ध म्हणायला फ्रान्सला १९९९ उजाडलं. पण १९६२ ला फ्रान्स गेला आणि मुख्य लढाई मिटली (फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन लोकांचे नंतर फार हाल झाले, त्यावर अजून बोलायला हवं होतं). अफगाणिस्तानात उलटं. सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ ला आल्या, फेब्रुवारी १९८९ ला गेल्या, तरी नजीबुल्लाचं सोव्हिएतधार्जिणं सरकार आणि मुजाहिदीन (त्याच्याविरुद्धचे इस्लामी बंडखोर) १९९२ पर्यंत लढतच होते आणि ते सरकार पडल्यावर मुजाहिदीनचेच गट काबूलसाठी एकमेकांवर रॉकेट टाकायला लागले. बंडं तर सोव्हिएत यायच्या आधी, १९७८ च्या कम्युनिस्ट सत्तापालटानंतरच सुरू झाली होती, म्हणजे आतलं वैर होतंच आणि परकी सैन्य त्यात येऊन पडलं.

कायद्याचा भाग पण छान झाला. १९४९ च्या जिनिव्हा करारांत दोन देशांच्या युद्धात पकडलेल्या सैनिकाला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो, देशांतर्गत लढाईत फक्त तिसऱ्या कलमाचं किमान संरक्षण, आणि सरकार बंडखोरावर देशद्रोहाचा खटला चालवू शकतं. १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलने (म्हणजे जिनिव्हा करारांना जोडलेल्या पुरवणी कराराने) परकीय ताबा आणि वसाहतवादी राजवटीविरुद्धच्या लढ्यांना आंतरराष्ट्रीय युद्धात धरलं. भारताने तो प्रोटोकॉल मान्य केलेला नाही हे पण सरांनी सांगितलं. म्हणजे लढ्याला काय म्हणायचं यावर पकडलेल्या माणसाचा जीव ठरतो. एका मुलीने लगेच आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा विषय काढला. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, ब्रिटिशांच्या कोर्टात ते पोलिसांच्या खुनाचे आरोपी आणि आपल्यासाठी हुतात्मे. रोज त्यांच्या नावाच्या चौकातून जाणाऱ्या पोरांना हे समजावून सांगणारा मास्तर मिळणं मोठी गोष्ट आहे.

आता तक्रार. टेस्टमध्ये प्रश्न होता, २००३ नंतरचा इराक संघर्ष कोणत्या प्रकारचा, आणि उत्तरपत्रिकेत फक्त 'गृहयुद्ध'. हे मला अजिबात पटत नाही. मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटनला ताबा घेणाऱ्या सत्ता म्हटलंय, जून २००४ ला सत्ता इराकी सरकारकडे गेली पण परकी फौजा तिथेच, आणि फेब्रुवारी २००६ ला समाऱ्याच्या अस्करी या शियांच्या पवित्र दर्ग्यात स्फोट झाल्यावर शिया-सुन्नी कत्तली बेसुमार वाढल्या. एकाच गटाची माणसं अमेरिकन गाडीखाली बॉम्ब पण लावत होती आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या लोकांना पण मारत होती, मग एकाच पर्यायाला मार्क कसे देता? मी दोन्ही लिहिलं तर मार्क कापले. सरांना दाखवलं, ते हो म्हणाले, पण पेपर बाहेरून येतो म्हणे. अहो मग बाहेरून आणू नका, सरांनाच काढू द्या, इतकं चांगलं शिकवून शेवटी पोरांना एका शब्दावर टिक करायला लावणं हा त्या शिकवण्यावरच अन्याय आहे.

बाकी फी परवडते, नोट्सची झेरॉक्स पुसट येते, नकाशे तर वाचताच येत नाहीत. मागच्या बाकांवर आवाज कमी येतो म्हणून लवकर जाऊन पुढे बसा. नवीन बॅच घेणार असाल तर पहिलं लेक्चर चुकवू नका, जिनिव्हाचा भाग त्यातच होतो आणि तो परत घेत नाहीत.