म्हाताऱ्या पेशी: मारायच्या की गप्प करायच्या?

विभाजन थांबलेल्या, पण मरायचं नाव न घेणाऱ्या पेशी आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. सेनोलिटिक औषधं त्यांना मारतातच. कर्करोगावरचं औषध डॅसॅटिनिब आणि वनस्पतींत सापडणारं क्वर्सेटिन, ही जोडी २०१५ मध्ये पुढे आली. पेशी एकदा गेल्या की रोज गोळी नको, अधूनमधून डोस पुरावा, ही कल्पना. पण नॅव्हिटोक्लॅक्स हे आणखी एक सेनोलिटिक प्लेटलेट्सही घटवतं, आणि जखम भरायला याच पेशी हातभार लावतात!

रॅपामायसिनसारखी सेनोमॉर्फिक औषधं पेशी न मारता फक्त त्या रसायनांचा स्राव दाबतात. औषध थांबलं, की तो पुन्हा सुरू होऊ शकतो.

२०११ मध्ये अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढल्यावर स्नायूंची झीज आणि मोतीबिंदू उशिरा सुरू झाले. म्हणून माझा कल मारण्याकडे, पण आजारी माणसापुरताच.