धूसर जुना फोटो: पुन्हा स्कॅन करावा की एआयने सुधारावा?

दोन बाय तीन इंचांचा फोटो कुणीतरी १५० डीपीआयवर (म्हणजे इंचाला १५० ठिपके) स्कॅन करून ठेवलेला असतो. हातात उरतात ३०० बाय ४५० पिक्सेल. पणजीची नथ म्हणजे चार-पाच करडे ठिपके.

मूळ प्रत घरात असेल तर माझं मत ठाम आहे: पुन्हा स्कॅन करा. ६०० डीपीआयला तोच फोटो १२०० बाय १८०० होतो, म्हणजे सोळापट पिक्सेल. काच पुसून घ्या आणि फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात ठेवा. जेपेग हा नेहमीचा फाइल-प्रकार चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, त्यात बारीकसारीक रेषा हरवतात. कागदी प्रिंटमधून ६००च्या पुढे सहसा फारसं काही निघत नाही. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळं! ती फिल्म स्कॅनरवर २४०० डीपीआयला करा.

मूळ प्रतच गेली असेल तर रिअल-ईएसआरगॅन, जीएफपीगॅन ही २०२१ची मोफत एआय साधनं आहेत. साडीचे काठ, भिंतीच्या विटा ती छान सावरतात. चेहऱ्याशी मात्र जपून. जीएफपीगॅन हजारो परक्या चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. पापण्या, दात, सुरकुत्या ते अंदाजाने भरतं. २०२० साली ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या धूसर चेहरे स्पष्ट करणाऱ्या एआय साधनाने बराक ओबामांच्या धूसर फोटोतून चक्क गोरा माणूस काढला होता. म्हणून एआयची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि तिच्यावरून नथीतले मोती मोजू नका.