"लॅब ग्रेड" मायक्रोवेव्हच्या नावाखाली लावलेला चुना, नागपूरच्या लॅबवाल्यांनी वाचाच

आमच्या कॉलेजच्या बायोटेक लॅबला मायक्रोवेव्ह पाहिजे होता, काम काय तर डीएनए तपासायच्या जेलसाठी अगारोज (जेल बनवायची पावडर) पाण्यात वितळवणं आणि कधीमधी जंतू वाढवायचा घट्ट झालेला मिडिया परत पातळ करणं, बस्स. यासाठी एका सप्लायरनं साडेअडतीस हजार लावले आणि दिला काय, तर सीताबर्डीच्या बाजारात सात हजाराच्या आसपास मिळतो तोच वीस लिटरचा सोलो पीस, म्हणजे फक्त गरम करणारा साधा घरगुती मायक्रोवेव्ह.

माणूस बोलायला एकदम गोड. "सर तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले, घरगुती मायक्रोवेव्ह लॅबमध्ये चालतच नाही, ऑडिटवाले पकडतात, हा लॅब ग्रेड आहे." परचेसला तीन कोटेशन लागतात तर तिन्ही त्यानंच आणून दिले, तीन वेगळी लेटरहेडं, तीन वेगळे पत्ते, आणि तिन्हींवर लॅबोरेटरीच्या स्पेलिंगमधला एकच ओ गायब! पण हे नंतर फाइल काढल्यावर दिसलं, तोवर कमिटीच्या सह्या होऊन ऑर्डर गेली होती.

मशीन आलं, दारावर त्याच्या फर्मचं चकचकीत स्टिकर आणि मागे जिथं कंपनीची रेटिंग प्लेट (वॅटचे आकडे छापलेली पट्टी) असते बरोबर तिथं अजून एक, "लॅब मायक्रोवेव्ह सिस्टिम 1200 वॅट". आमचे अटेंडंट भाऊ ओल्या फडक्यानं पुसून राहिले होते तर त्याचा कोपरा सुटला, त्यांनी नखानं ओढलं आणि खाली निघाली मूळ प्लेट, इनपुट 1200, आउटपुट 800, आणि खाली बारीक अक्षरात फक्त घरगुती वापरासाठी. म्हणजे 1200 हा लाइन मधून ओढायचा आकडा, आतल्या वस्तूला मिळणार 800, आणि हा सांगून राहिला की पॉवर 1200 आहे.

पॉवर तुम्ही स्वतः बघू शकता, फुकटात. प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, तापमान मोजा, फुल पॉवरवर बरोबर एक मिनिट चालवा, नीट ढवळून लगेच परत मोजा, जितके डिग्री वाढलं त्याला 70 नं गुणा, आले वॅट. आमच्याकडे साडेदहा डिग्री वाढलं म्हणजे 735 च्या आसपास. अगारोजला तेवढे पुरतात, तक्रार मशीनची नाहीच.

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मशीनचं मोजमाप बरोबर असल्याचा तपासणी दाखला. त्यावर लिहिलंय 50 ते 250 डिग्री, एरर अर्धा डिग्री. अरे बाप्पा, या मशीनला तापमान मोजायचा सेन्सरच नाही, नॉब दोन, एक पॉवरचा एक टायमरचा, मग 250 डिग्री मोजले कुठं? वर एनएबीएलचा (तपासणी लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) लोगो पण छापलेला, खऱ्या सर्टिफिकेटवर युएलआर नंबर, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा स्वतंत्र नंबर असतो, यावर तो नाही. बिलावर एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर) पण 8419 टाकला, मायक्रोवेव्हचा 8516 50 असतो, म्हणजे बिलात पण लॅबचं उपकरण दाखवायचा प्रकार.

नीट समजून घ्या, लॅबसाठी खरोखर वेगळा बनवलेला मायक्रोवेव्ह असतो, ॲसिडमध्ये सॅम्पल विरघळवायची डायजेशन सिस्टिम, तिला बंद टेफ्लॉनचे व्हेसल, तापमान-प्रेशरचे सेन्सर, धूर काढायची सोय, आणि किंमत लाखांत. ते काम असेल तर घरगुती मशीन अजिबात लावू नका, बंद भांडं फुटेल आणि ॲसिडच्या वाफेनं आतला पत्रा खाऊन जाईल. पण अगारोजसाठी साधा सोलो घ्या, कन्व्हेक्शन-ग्रिलचे पैसे पण वाया. फक्त फ्लास्कचं झाकण सैल ठेवा आणि काढल्या काढल्या हलवू नका, शांत दिसणारं अगारोज एकदम उसळून हातावर येतं. आणि त्यात परत कोणी डबा गरम करायचा नाही, आमच्याकडे हे सांगायला लागतं!

वॉरंटीचं पण बघून ठेवा. कंपनीचा सर्व्हिसवाला आला, लॅब बघितली आणि म्हणाला हा घरगुती वापर नाही, वॉरंटी लागू नाही. सप्लायरनं मात्र "तीन वर्ष आमची" असं तोंडी सांगितलं होतं, बिलावर एक ओळ नाही.

सध्या अर्धं पेमेंट अकाउंट्सनं अडवून ठेवलंय, स्टिकरचे आणि कोटेशनचे फोटो लावून प्रिन्सिपलकडे लेखी तक्रार दिलीय. फोन केला की तो म्हणतो "मॉडेल बदलून देतो ना भाऊ". आता तोच माणूस हिंगणा रोडकडच्या कॉलेजांत "लॅब ग्रेड" डीप फ्रीजर विकत फिरून राहिला असं ऐकलं, तुमच्याकडे आला तर मशीन उतरवून घ्यायच्या आधी मागच्या प्लेटवर स्टिकर आहे का ते बघा.