रेडॉनचा कोड, एन्कोडर आणि जाडजूड पुस्तक: आठ महिन्यांनंतर

खराडीत बसून मी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णाच्या नोंदींतल्या आजारांना आणि कारणांना आयसीडी-१०-सीएम या यादीतले कोड लावते. कोड शोधायला एन्कोडर हे सॉफ्टवेअर असतं, आणि त्याच यादीचं जाडजूड पुस्तकही. ऑन्कोलॉजीच्या टीममध्ये आले तेव्हा 'रेडॉन' शाळेतल्या आवर्त सारणीनंतर पहिल्यांदाच भेटला. आपल्याकडे तळघर असतं किती जणांकडे? तिकडे बऱ्याच घरांना असतं, आणि जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू तिथेच साठतो. आयोवाच्या तर सगळ्या ९९ काउंटी 'झोन १'मध्ये, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत.

आमच्या एन्कोडरमध्ये रेडॉन टाइप केलं की सगळ्यात वर येतो एक्स३९.०१, म्हणजे रेडॉनच्या संपर्काचा बाह्य कारणाचा कोड. पहिले दोन महिने मी तोच उचलत गेले. मग ऑडिटमध्ये तीन चार्ट परत आले. क्यूएच्या (गुणवत्ता तपासणीच्या) मॅडमनी एवढंच विचारलं, "टॅब्युलर उघडलं होतंस का गं?" नव्हतं उघडलं.

टॅब्युलर म्हणजे पुस्तकातली कोडांची क्रमवार यादी, टिपांसकट. तिथे एक्स३९.० खाली 'एक्सक्लूड्स वन'ची (म्हणजे हे दोन कोड एकत्र लावायचे नाहीत अशी) टीप आहे: रेडॉनशी नुसता संपर्क किंवा संपर्काचा संशय असेल तर झेड७७.१२३. आणि झेडच्या टीपेत उलटी खूण: किरणोत्सर्गामुळेच आजार झाल्याचं पक्कं असेल तर एक्स३९.०. म्हणजे घरात रेडॉन जास्त निघाला म्हणून घाबरून तपासणीला आलेला माणूस झेडमध्ये जातो. फुप्फुसाचा कॅन्सर रेडॉनमुळे झाला असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलं असेल, तरच आधी सी३४मधला कोड आणि मागे एक्स३९.०१. 'हिस्ट्री ऑफ रेडॉन एक्सपोजर' एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा कारण आपण जोडायचं नाही, क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरांनाच विचारायचं. माझे तिन्ही चार्ट असलेच होते.

एन्कोडरला नावं ठेवताना एक मान्य करते: सातवं अक्षर तो कधी विसरू देत नाही. एक्स३९.०१ला मध्ये भरतीचा एक्स आणि शेवटी ए, डी किंवा एस (सक्रिय उपचार, पुढची देखभाल की मागे राहिलेला परिणाम) लागतो. उन्हाच्या एक्स३२ला तर भरतीचे तीन एक्स. हाताने लिहिताना मी दोनदा चुकले असते.

ऊन नैसर्गिक असूनही एक्स३९.०मध्ये येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्वचारोगाच्या चार्टवर एल५७.० (अॅक्टिनिक केराटोसिस, उन्हाने त्वचेवर येणारे खरबरीत चट्टे) असला की अतिनील किरणांचा उगम वेगळ्या कोडने सांगायचा: उन्हाला एक्स३२, टॅनिंग बेड वगैरेंना डब्ल्यू८९. उरलेल्या नैसर्गिक किरणोत्सर्गासाठी एक्स३९.०८. तो मी आठ महिन्यांत एकदाही वापरलेला नाही. केरळात करुनागप्पळ्ळीच्या वाळूत थोरियम आहे, पण तिथला चार्ट खराडीत कशाला येतोय!

एक्स३९ कधीच पहिला लावता येत नाही, आणि असे बाह्य कारणांचे कोड देशभर सक्तीचेही नाहीत. राज्य किंवा पेयर (बिल भरणारी विमा कंपनी वगैरे) मागेल तरच. त्यामुळे टार्गेटच्या दिवशी फ्रेशर मुलं ते सरळ गाळतात. क्लायंटच्या सूचना वाचल्याशिवाय असं करू नका.

एन्कोडरला पाचपैकी तीन, पुस्तकाला साडेचार. अर्धा कापला तो वजनाचा. बसमधून नेऊन बघा. विकत घ्यायचंच असेल तर वर्ष बघून घ्या, कारण १ ऑक्टोबरला नवी आवृत्ती लागू होते. नुसती टॅब्युलर लिस्ट हवी असेल तर ती अमेरिकन सरकारच्या साइटवर फुकट आहे. मी तीच मोबाइलवर ठेवलीय.