मीटिंगच्या नोट्स काढणारा एआय: आठ-नऊ महिने वापरल्यावर

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत प्लॅनिंग आणि कस्टमर को-ऑर्डिनेशन बघते. आम्ही प्लास्टिकचे पार्ट मोल्ड करतो. बराचसा माल पुण्याच्या आसपास जातो, थोडा जर्मनीला. गेल्या वर्षी ऑफिसने ऑनलाइन मीटिंगच्या सॉफ्टवेअरवर एआयचं लायसन्स घेतलं. मीटिंग चालू असताना बोलणं आपोआप टाइप होत जातं (हे ट्रान्स्क्रिप्ट), संपल्यावर काही मिनिटांत सारांश आणि कुणी काय करायचं याची यादी येते. चॅटमध्ये प्रश्न विचारला तर जुन्या मीटिंग्ज, मेल आणि फायली चाळून उत्तरही देतं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांतल्या मैत्रिणी वेगळी सॉफ्टवेअर वापरतात आणि त्यांची रडगाणी ऐकली तर ती माझीच वाटतात.

थोडक्यात मत हवं असेल तर हे घ्या: टूल चांगलं आहे, पण ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याचंच ते ऐकतं. पुढचं बहुतेक सगळं त्यातूनच निघतं.

आधी चांगलं. जर्मनीच्या कॉलसाठी याला तोड नाही. तिथली आणि आपली वेळ उन्हाळ्यात साडेतीन तासांनी पुढेमागे, हिवाळ्यात साडेचार. त्यांची दुपार रंगात येते तेव्हा आमच्या बस निघालेल्या असतात. पूर्वी ड्रॉइंगमध्ये बदल आला की टूल रूम (जिथे मोल्ड, म्हणजे साचे, सांभाळतात), क्वालिटी, पर्चेस सगळ्यांना कॉलला बसवून ठेवावं लागायचं. कुणाशी संबंधित मुद्दा कधी निघेल ते सांगता येत नसे. आता दोघं बसतो, बाकीचे सकाळी सारांश वाचतात. शंका आली तर ट्रान्स्क्रिप्टमध्ये ‘वॉल थिकनेस’ (पार्टच्या भिंतीची जाडी) शोधायचं, नेमकं ते वाक्य सापडतं. मागे एका टॉलरन्सवरून, म्हणजे मापात किती फरक चालेल यावरून, आठवडाभर मेलामेली चालली असती, ती एका स्क्रीनशॉटवर मिटली. जर्मन उच्चाराचं इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं, हेही कबूल.

आमच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मात्र गाडी अडते. तिथे वाक्य मराठीत सुरू होतं, मधे हिंदी घेतं आणि ‘डिस्पॅच’वर संपतं. आमच्या टूलमध्ये मीटिंगसाठी एकच भाषा निवडायची सोय आहे. इंग्रजी ठेवली तर मराठीचा चुरा होतो, हिंदी ठेवली तर मराठी अर्धवट कळतं. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये ‘व्हिस्पर’ हे बोलणं टाइप करणारं मॉडेल खुलं केलं. ते 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं, आणि त्यातले इंग्रजीखेरीज इतर 96 भाषांमध्ये टाइप केलेले तास होते साधारण 1 लाख 17 हजार. आमचं टूल व्हिस्परवर चालतं असं मी म्हणत नाही, पण मराठीच्या ताटात काय पडत असेल याचा अंदाज येतो.

चुकीचं टाइप झालं तर ते निदान दिसतं, त्याचं मला फारसं वाटत नाही. काळजी सारांशाची वाटते. खाली ट्रान्स्क्रिप्टमध्ये निम्मी वाक्यं निरर्थक असतात आणि वर त्याच मालावर सुबक, आत्मविश्वासाने भरलेलं इंग्रजी उभं राहतं. वरिष्ठ फक्त वरचं वाचतात. म्हणून आमच्या टीममध्ये एक नियम ठरला: सारांश पुढे पाठवायच्या आधी ट्रान्स्क्रिप्ट उघडायचं, आणि ते वाचण्यालायक नसेल तर सारांश टाकून द्यायचा. यात दहा-पंधरा मिनिटं जातात. सेल्सवाला डेमो देताना हा वेळ वाचणार असं म्हणाला होता.

आता नावांचा घोळ. प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन झाला असेल तर कोण काय बोललं ते बरोबर लिहिलं जातं, कारण आमच्या टूलला नाव लॉगिनवरून कळतं. कॉन्फरन्स रूममध्ये सहा जण एका माइकसमोर बसले की सहाही जण ‘कॉन्फरन्स रूम 2’ होतात. आमच्या यादीत ‘कॉन्फरन्स रूम 2 ने शुक्रवारपर्यंत सॅम्पल द्यावं’ असं येऊ लागलं. पहिल्यांदा हसलो. मग लोकांच्या लक्षात आलं की रूममध्ये बोललेलं कुणाच्याच नावावर जात नाही, ना श्रेय ना जबाबदारी. हळूहळू रूम रिकामी झाली. आता एकाच मजल्यावरचे सगळे आपापल्या जागेवर हेडफोन लावून एकाच मीटिंगला बसतात, आणि पलीकडच्या टेबलावरचा आवाज एकदा हवेतून, एकदा कानातून येतो. लोकांना एकत्र आणायला घेतलेल्या वस्तूने खुर्च्या लांब नेल्या, आणि याची चर्चा कुठल्याच सारांशात येत नाही.

बोलणंही बदललंय. क्वालिटीचे साहेब आता प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी “हे नोट होऊ दे” म्हणतात, म्हणजे यंत्राला ऐकू जावं. पर्चेसवाले उलट, मीटिंगमध्ये मोघम बोलून खरं काय ते चहाला सांगतात. मतभेद टपरीवर गेले. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली. पूर्वी एमओएम, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, कुणीतरी एक जण लिहायचा, साहेब त्यात ‘करेक्शन’ करायचे, आणि तिसऱ्या दिवशी जे फिरायचं त्यात आपण बोललेलंच नसायचं. ती सोय गेली. मूळ बोलणं सगळ्यांना उघडता येतं, त्यामुळे कोपऱ्यात बसलेल्या मुलीने आधी मांडलेला मुद्दा नंतर दुसऱ्याच्या नावावर जात नाही. अर्थात, ती मुलगी लॉगिन करून बसली असेल तर.

याच मुलीचा आणखी एक प्रश्न आहे. एमओएम लिहिणं हे काम नेहमी ट्रेनी इंजिनिअरच्या गळ्यात, त्यातही बहुधा मुलीच्या. ते सुटलं, छान झालं. पण ट्रेनी मीटिंगला बसायचे तेच मुळी लिहायला. लिहिता लिहिता त्यांना कळायचं की कस्टमर कशावर अडतो आणि कुठला मॅनेजर कुठल्या आकड्याला घाबरतो. या वर्षीच्या बॅचला बोलावणंच येत नाही. सारांश मिळतो की, मग बसायचं कशाला? मी माझ्या कॉलला एका ट्रेनीला आग्रहाने बसवते. एचआरला हे अजून दिसलेलं नाही.

आणि आता शॉप फ्लोअर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष माल बनतो ती जागा. लायसन्स माणशी आणि महिन्याचं असतं. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2023 मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी कोपायलट हा आपला ऑफिसचा एआय आणला तेव्हा दर होता माणशी महिना 30 डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास अडीच हजार रुपये. गुगलने जानेवारी 2025 मध्ये जेमिनी हा आपला एआय वर्कस्पेसच्या (ऑफिससाठीच्या मेल-फायलींच्या सेवेच्या) बिझनेस प्लॅनमध्येच घातला आणि प्लॅनचे दर वाढवले. कुठल्याही रस्त्याने गेलात तरी ज्याच्याकडे ऑफिसचं खातं नाही त्याला हे मिळत नाही, आणि आमच्याकडे शिफ्ट इन-चार्ज, टूल रूमचे फिटर, स्टोअरचे लोक यांच्याकडे खातं नाही. त्यांचं ऑफिस म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप आणि फोन.

एकदा नाइट शिफ्टला एका मोल्डची इजेक्टर पिन तुटली. शिफ्ट इन-चार्जने फोन करून टूल रूमच्या माणसाला उठवलं, मोल्ड उतरवला, ग्रुपवर फोटो टाकला. रीतसर, चोख काम. सकाळी आमच्या मॅनेजरनी चॅटमध्ये विचारलं, अमुक पार्टचं स्टेटस काय? उत्तर आलं, शेड्यूलप्रमाणे चालू, आणि खाली आदल्या मीटिंगचा संदर्भही जोडलेला. एआयला जेवढं दिसत होतं तेवढ्यापुरतं ते खरंच होतं. त्याच भरवशावर कस्टमरला मेल गेला आणि दुपारी माफीचा दुसरा. फ्लोअरवरचं मला काही दिसत नाही, असं एक वाक्य त्या उत्तरात असतं तर माझी काही तक्रार नव्हती. इन-चार्जना हे कळल्यावर म्हणाले, “मॅडम, त्या एआयला माझा नंबर देऊन ठेवा.”

मीटिंग रेकॉर्ड करण्याबाबत जर्मनीची बाजू आमच्यापेक्षा काटेकोर आहे. तिथे संमतीशिवाय खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं हा दंड संहितेच्या कलम 201 प्रमाणे गुन्हा आहे, आणि कामगारांवर नजर ठेवू शकेल असं तंत्र आणायचं तर कर्मचारी मंडळाची, म्हणजे बेट्रीब्सराटची, संमती लागते. फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी एआयने माणसाच्या भावना ओळखायलाही युरोपीय संघात बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडली तर. त्यामुळे त्यांच्याकडचे प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला विचारतात, आणि एकाने जरी नको म्हटलं तरी बंद करतात. आमच्याकडे स्क्रीनवर वर एक पट्टी येते, ती संमती समजायची. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडेही आहे, पण आमच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

घ्यावं का? बाहेरच्या कस्टमरशी इंग्रजीत बोलणारी टीम असेल तर बिनधास्त घ्या. घरच्या मिश्र भाषेतल्या मीटिंगसाठी आधी महिनाभर फुकट ट्रायल मागा, आणि डेमोची गुळगुळीत क्लिप न बघता आपल्या मॉर्निंग मीटिंगवर चालवून बघा. आम्ही सकाळची मीटिंग आता ट्रान्स्क्रिप्टशिवाय, फ्लोअरवरच, बोर्डासमोर उभं राहून घेतो, आणि मुद्दे ट्रेनी लिहितो.

रिन्यूअल मार्चमध्ये आहे. मी लिहून दिलंय की ऑफिसची थोडी लायसन्स कमी करा आणि तिन्ही शिफ्ट इन-चार्जना खातं आणि एकेक टॅबलेट द्या. आयटीचं उत्तर आलं: लायसन्सचं जमेल, टॅबलेटचं बजेट प्रॉडक्शनने मागायचं.