एफएल-४१ भिंगांचा चष्मा : डोक्याला मार लागल्यानंतरच्या जुन्या डोकेदुखीत उपयोग किती, मर्यादा कोणत्या

डोक्याला मार लागून वर्षे उलटली, तपासण्यांचे कागद निर्दोष आले, तरीही डोकेदुखी गेली नाही आणि तिच्या जोडीला उजेड सोसेनासा झाला, अशा माणसांसाठी हे परीक्षण लिहिले आहे. परीक्षण दोन गोष्टींचे आहे. एक, एफएल-४१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलाबीसर छटेच्या भिंगांचा चष्मा. आणि दुसरी, ठाण्यात नौपाड्यातील गोखले रस्त्यालगतच्या गल्लीतले ते लहानसे दुकान, जिथे मी तो करून घेतला. दुकानाचे नाव देत नाही, कारण ही छटा मागवून देणारे कोणतेही दुकान पारखण्यासाठी काय पाहावे, हे कळणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरून डोके आपटले, तेव्हा शिरस्त्राण होते म्हणून जीव वाचला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, दोन दिवसांत घरी पाठवण्यात आले आणि डोकेदुखी काही आठवड्यांत जाईल असे सांगण्यात आले. बहुतेकांची जातेही. ज्यांची जात नाही, त्यांच्या दुखण्याला वैद्यकीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे: आघातानंतर किंवा शुद्धीवर आल्यानंतर सात दिवसांच्या आत सुरू झालेली डोकेदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर ती आघातोत्तर चिवट डोकेदुखी मानली जाते. अनेकांच्या बाबतीत तिचे रूप अर्धशिशीसारखे असते, म्हणजे ठणका, मळमळ, आवाज नकोसा होणे आणि उजेडाचा त्रास. स्कॅन निर्दोष असणे आणि दुखणे खरे असणे यांत विसंगती नाही, कारण स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज किंवा अस्थिभंग दिसतो. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता त्यात दिसत नाही. नातेवाइकांना मात्र हे पटवता पटवता माणूस थकतो. ‘तब्येत तर छान दिसते’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही, असा या दुखण्याचा रुग्ण मला अजून भेटायचा आहे.

माझ्या बाबतीत उजेडाचे तीन प्रकार सर्वांत त्रासदायक होते. ऐरोलीतील कार्यालयाच्या छतावरचे पांढरेशुभ्र एलईडी पॅनेल हा पहिला, संगणकाचा पडदा हा दुसरा, आणि तिसरा म्हणजे ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये पूर्वेकडच्या खिडकीतून येणारे ऊन, जे खांबांमागून आणि गजांमधून सतत लुकलुकत डोळ्यांवर आदळते. पश्चिमेकडची जागा मिळाली तर बरे, परंतु गर्दीच्या वेळी जागा निवडण्याची चैन कोणाला परवडते?

ही छटा मुळात ट्यूबलाइटच्या, म्हणजे फ्लुओरोसंट दिव्यांच्या, उजेडाचा त्रास होणाऱ्यांसाठी तयार झाली आणि नावातील ‘एफएल’ ही अक्षरे त्यावरूनच आली. निळ्या व निळसर-हिरव्या प्रकाशाचा मोठा भाग, विशेषतः सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, ही भिंगे अडवतात. हाच भाग का, याचे उत्तर डोळ्याच्या पडद्यात आहे. तेथे दृष्टीसाठी काम करणाऱ्या पेशींखेरीज मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही चेतापेशी असतात. त्या चित्र घडवण्यापेक्षा उजेड किती आहे हे मेंदूला कळवण्याचे काम अधिक करतात आणि त्यांना याच पट्ट्यातला प्रकाश सर्वाधिक चेतवतो. हार्वर्ड विद्यापीठातील रॉड्रिगो नोसेडा, रामी बर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अर्धशिशी असलेल्या अंध व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना उजेडाची जाणीवच होत नव्हती, त्यांची डोकेदुखी उजेडाने वाढत नव्हती. परंतु ज्यांना आकृती दिसत नसूनही उजेडाची जाणीव शिल्लक होती, त्यांची डोकेदुखी उजेडाने वाढत होती. म्हणजे उजेड आणि डोकेदुखी यांचा संबंध केवळ ‘डोळ्यांवर ताण आला’ एवढ्यापुरता नाही; तो वेदनेच्या मार्गांशी जोडलेला आहे.

छटेच्या परिणामाचा जुना आधार १९९१ सालचा आहे. ‘हेडेक’ या वैद्यकीय नियतकालिकातील त्या छोट्या अभ्यासात अर्धशिशीच्या मुलांना चार महिने रंगीत चष्मे दिले होते. एफएल-४१ वापरणाऱ्या मुलांचे झटके महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले, तर निळ्या छटेच्या चष्म्याचा सुरुवातीचा फायदा टिकला नाही. आकडा मोहात पाडणारा आहे, पण ती मुले होती, त्यांना अर्धशिशी होती, मेंदूची दुखापत नव्हती, आणि त्यांची संख्या लहान होती. त्या बळावर माझ्यासारख्या प्रौढाने चमत्काराची अपेक्षा ठेवणे योग्य नव्हते, आणि दुकानात डोळे तपासणाऱ्या तरुण ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने ती ठेवूही दिली नाही.

या मुलीचे काम पाहूनच मी या दुकानाची शिफारस करतो. ‘गुलाबी भिंगे हवीत’ असे सांगितल्यावर तिने नमुन्यांचा डबा काढला नाही. आधी विचारले, ‘काका, त्रास ट्यूबलाइटखाली जास्त होतो, स्क्रीनसमोर होतो, की वाचताना अक्षरं हलतात?’ अक्षरे हलतात असे सांगताच तिने पेनाचे टोक हळूहळू माझ्या नाकाजवळ आणत नेले आणि कोणत्या अंतरावर एकाची दोन टोके दिसू लागतात ते मोजले. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळवण्याची क्षमता कमी होणे वारंवार आढळते, आणि त्याचा ताण कपाळात व डोळ्यांमागे दुखण्याच्या रूपाने जाणवतो. हा दोष कोणत्याही रंगाच्या काचेने जात नाही. त्यासाठी डोळ्यांचे व्यायाम लागतात. तिने तसे स्पष्ट सांगितले, नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यासाठी मोजमाप कागदावर लिहून दिले, आणि नंबर पुन्हा तपासून घेतल्याशिवाय मागणी नोंदवली नाही. दूरचे व जवळचे एकाच काचेत देणारी प्रोग्रेसिव्ह भिंगे मी मागितली होती. चक्कर येणाऱ्या माणसाला त्यांच्या कडांकडची हलती प्रतिमा त्रासदायक ठरू शकते म्हणून वाचनाचा चष्मा वेगळा ठेवावा, असा तिचा सल्ला होता. जास्त किमतीची वस्तू न विकणारा दुकानदार हा प्रकार गोखले रस्त्यावर दुर्मीळच म्हणायचा.

याउलट शहरातल्याच एका मोठ्या, चकचकीत दुकानात मला ‘ब्लू कट’ भिंगे हाच रामबाण उपाय म्हणून सांगण्यात आली होती. बाजारातील बहुतेक ब्लू कट भिंगे निळ्या पट्ट्याच्या जांभळ्याकडच्या टोकाचा थोडासा प्रकाश अडवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्यांतून जवळजवळ तसाच येतो. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवरील ताणाबाबत वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या समीक्षेनेही अशा भिंगांचा अल्पकाळात साध्या भिंगांपेक्षा विशेष फायदा दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला आहे. दुसरा घरगुती उपाय म्हणजे घरात आणि कचेरीतही काळा गॉगल लावून बसणे. तो तत्काळ सुखद वाटतो, परंतु सतत अंधारात ठेवलेले डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही आधीपेक्षा अधिक टोचू लागतो. एफएल-४१ ची मोठी सोय हीच की त्यातून पुरेसा उजेड आत येतो. जग काळोखे होत नाही, फक्त त्यातली धार कमी होते.

छटा चढवण्याची पद्धत विचारून घेण्यासारखी आहे. सीआर-३९ या साध्या प्लॅस्टिकची भिंगे गरम रंगद्रावणात बुडवून रंगवता येतात. पॉलिकार्बोनेट असा रंग नीट घेत नाही. त्यामुळे न फुटणारी भिंगे आणि ही छटा दोन्ही हवी असतील, तर आधी विचारावे. कोणतीही गुलाबी काच म्हणजे एफएल-४१ नव्हे, हेही ध्यानात असावे. डोळ्यांना दोन काचा सारख्या गुलाबी दिसल्या तरी त्या वेगवेगळे तरंग अडवू शकतात, म्हणून कोणता प्रकाश किती अडतो याचा आलेख दाखवण्याची विनंती करावी. या दुकानाने तो दाखवला. चष्मा हाती यायला मात्र सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला आणि दर वेळी ‘परवा या’ हेच उत्तर मिळाले. या बाबतीत दुकानाचे गुण कापावे लागतात.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. कार्यालयात फरक सर्वांत ठळक आहे. पूर्वी जेवणाच्या सुट्टीपर्यंत भुवयांवर जो दाब साचायचा, तो आता उशिरा येतो आणि काही दिवशी येतच नाही. लोकलमधल्या लुकलुकत्या उन्हात फायदा आहे, पण थोडा, कारण ऊन बाजूने शिरते. येथे भिंगांपेक्षा फ्रेमचा आकार निर्णायक ठरतो. रंगांचा गोंधळ मात्र होतो. एक्सेलच्या तक्त्यात फिकट निळे आणि फिकट हिरवे रकाने सारखेच दिसू लागल्याने मी सहकाऱ्यांना रंगांऐवजी खुणा वापरण्याची विनंती केली. जांभळी नाक्याच्या बाजारात मेथीची जुडी ताजी की शिळी हे या चष्म्यातून कळत नाही, आणि हापूस सगळेच पिकलेले वाटतात. पत्नीने त्यामुळे आंब्यांची खरेदी माझ्याकडून काढून घेतली आहे. रात्री वाहन चालवताना हा चष्मा वापरू नये, कारण आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो आणि सिग्नलचा हिरवा दिवाही मंद दिसतो.

चष्म्याचे मूल्यमापन कसे करावे, हा मला खरा महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ‘बरे वाटते का’ या प्रश्नावर विसंबू नये, कारण नवी वस्तू घेतल्यावर काही काळ बरे वाटतेच. माझ्या मज्जाविकारतज्ज्ञांनी पूर्वीच एक वही ठेवायला लावली होती: कोणत्या दिवशी दुखले, किती, झोप किती झाली आणि गोळी घेतली का. त्यातला गोळीचा रकाना सर्वांत प्रामाणिक आहे. या दुखण्यात वेदनाशामकांचा अतिवापर हा दुसरा आजार होऊन बसतो. पॅरासिटामोल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी औषधे महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान ही अर्धशिशीवरची औषधे किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या डोकेदुखीच्या अनेक गोळ्या या एकत्रित प्रकारातल्याच असतात. चष्मा आल्यानंतर वहीतला गोळ्यांचा रकाना विरळ झाला, सुट्टीच्या दिवसांचा फारसा बदलला नाही, आणि यावरून माझ्यापुरते एवढे कळले की कामाच्या दिवसांच्या दुखण्यात उजेडाचा वाटा मोठा होता. उरलेले दुखणे मानेचे, अपुऱ्या झोपेचे आणि आवाजाचे आहे. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा भिंगांचा रंग कोणताही असला तरी काही उपयोग होत नाही. त्या दिवशी मी येऊरच्या बाजूला राहणाऱ्या मित्राकडे जातो.

त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली प्रतिबंधक औषधे, मानेचे व्यायाम आणि झोपेची वेळ यांना हा चष्मा पर्याय नाही, पूरक आहे. ज्यांना उजेडाचा त्रास नाही, त्यांनी हा खर्च करू नये. आणि ज्यांची डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते आहे, उलट्या होतात, हातापायातली ताकद कमी होते, बोलणे अडखळते, गुंगी राहते किंवा फिट येते, त्यांनी चष्म्याच्या दुकानाकडे नव्हे, तर थेट रुग्णालयाकडे वळावे. विशेषतः वयस्कर व्यक्तींमध्ये किरकोळ वाटलेल्या मारानंतरही काही आठवड्यांनी कवटीच्या आत रक्त साकळलेले आढळू शकते.

मला फ्रेमसह साडेचार हजार रुपयांच्या आसपास खर्च आला, जो त्याच दुकानातील साध्या चष्म्याच्या जवळपास दुप्पट आहे. चष्म्याला पाचपैकी साडेतीन गुण देईन; दुकानाला तपासणीसाठी पूर्ण पाच आणि वेळ पाळण्यासाठी दोन. फ्रेम निवडताना वजनाला हलकी, काड्या कानशिलावर न रुतणारी आणि बाजूने उजेड अडवणारी अशी घ्यावी, कारण घट्ट काडीने कानशिलावर येणारा दाब दुपारपर्यंत स्वतःच दुखणे होतो. दुकान दुपारी बंद असते आणि त्या गल्लीत वाहन उभे करायला जागा मिळत नाही, म्हणून स्थानकावरून पायी जाणे उत्तम. संध्याकाळी गर्दी आणि दिव्यांचा झगमगाट दोन्ही असतात, तेव्हा सकाळी दुकान उघडताच जावे आणि तपासणीला तासभर लागेल असे धरून चालावे.