गुडघेदुखीसाठी कर्क्युमिनच्या कॅप्सूल : दोन डब्यांचा अनुभव

माझ्या दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजल्याचे निदान चार वर्षांपूर्वी झाले. वेदनाशामक गोळ्यांनी ठणका थांबत असे, पण पित्त इतके खवळे की, अखेर अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून मी हळदीतील कर्क्युमिनच्या कॅप्सूल सुरू केल्या.

पहिल्या डबीबद्दल माझी तक्रार आहे. तिच्यावर ‘हळद ५०० मिलिग्रॅम’ एवढेच ठळक छापले होते. कर्क्युमिनॉइडचे, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीच्या घटकांचे, प्रमाण कुठेच नव्हते. साध्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते, म्हणजे आत नुसती हळदपूड असेल तर एका कॅप्सूलमागे जेमतेम १५ मिलिग्रॅम पोटात जाणार. त्यासाठी एवढे पैसे मोजण्याची गरज नाही. आमच्या सांगलीत उत्तम हळद घरोघरी असते. महिनाभरात काडीचाही फरक पडला नाही.

दुसऱ्या कंपनीच्या डबीवर ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड आणि ५ मिलिग्रॅम पायपरीन (मिरीतील तिखट घटक), असे स्वच्छ लिहिले होते. कॅप्सूल उघडून चिमूटभर पूड पाण्यात टाकली, तर ती वरच तरंगत राहिली. कोमट तुपात मात्र लगेच नारिंगी रंग उतरला. कर्क्युमिनची खरी अडचण हीच आहे : ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात फार थोडे पोहोचते आणि यकृत तेही झटपट निकाली काढते. पायपरीन ही प्रक्रिया मंदावते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा शरीराला मिळणारे प्रमाण सुमारे २० पटींनी वाढले होते.

थायलंडमधील गुडघे झिजलेल्या ३६७ रुग्णांवरची, २०१४ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला अधिक आश्वासक वाटली. चार आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांना १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेणाऱ्यांइतकाच आराम पडला आणि पोटाचा त्रास कमी झाला.

मी जेवणानंतर दिवसातून दोनदा कॅप्सूल घेतली. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी आखडलेले गुडघे वीसऐवजी दहा मिनिटांत मोकळे होऊ लागले आणि वेदनाशामक गोळी आठवड्यातून एखादीच लागू लागली. जिना उतरताना कळ येतेच, कारण झिजलेली कूर्चा अशाने भरून येत नाही. मांड्यांचे व्यायामही चालू असल्याने सगळे श्रेय मी कॅप्सूलला देणार नाही.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी किंवा पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी ही कॅप्सूल परस्पर घेऊ नये. पायपरीनयुक्त कर्क्युमिनने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डॉक्टरांनी माझी यकृताची तपासणी आधी आणि दोन महिन्यांनी करून घेतली. ती व्यवस्थित आल्यावरच मी दुसरी डबी पुन्हा मागवली.